स्वस्तातले भूत दुसऱ्यांदा आले की हसवते का? : ‘ईव्हिल डेड २’ची गोष्ट

१/२२
१९८६ साल. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वेड्सबरो हे छोटेसे गाव. तेथील एका शाळेच्या व्यायामशाळेत जंगलातल्या लाकडी घराचा आतला भाग उभारलेला आहे. दिग्दर्शकाचा धाकटा भाऊ डोक्यापासून पायापर्यंत रबरी पोशाख चढवून तळघरातल्या पिशाच्च झालेल्या म्हातारीचे काम करतो आहे. पोशाखात इतका उकाडा, की आत साचलेला घाम कानाच्या भोकातून गळतो. ते गळणे आजही चित्रपटात दिसते. कोणी ते कापले नाही. हा ‘ईव्हिल डेड २’. तुटपुंज्या पैशांच्या भयपटाचा दुसरा भाग विनोदी का होतो, आणि लोक त्यावर इतके प्रेम का करतात, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

२/२२
मुळात अडचण अशी, की भीती ही खर्च होणारी वस्तू आहे. दाराआड काय आहे हे एकदा कळले, की तेच दार दुसऱ्यांदा उघडताना छाती तितकी धडधडत नाही. श्रीमंत निर्माता यावर उपाय करतो : भूत मोठे करतो, वाडा बदलतो, नवे तंत्र आणतो. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्यापाशी एकच शिल्लक उरते, ती म्हणजे प्रेक्षकाची आठवण. भीतीला ओळख मारक ठरते. हसू मात्र ओळखीवरच जगते. नकलेची गंमत मूळ माणूस ठाऊक असेल तरच.

३/२२
हॉलिवूडला हा धडा फार आधी मिळाला होता. युनिव्हर्सल कंपनीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ साली आला आणि गाजला. १९३५, १९३९ आणि १९४२ साली त्याचे पुढचे भाग निघाले. १९४३ साली त्या राक्षसाची गाठ लांडगामानवाशी घालून देण्यात आली. १९४४ आणि १९४५ साली ड्रॅक्युलालाही त्यांच्या मेळ्यात आणले. एका भुताने भागेना म्हणून दोन, दोनांनी भागेना म्हणून तीन! बेरीज वाढत गेली आणि भीती आटत गेली.

४/२२
मग १९४८ साली युनिव्हर्सलने ॲबट आणि कॉस्टेलो या लोकप्रिय विनोदी जोडीला याच भुतांसमोर उभे केले. चित्रपट चालला, आणि त्यामागे एक शहाणपण होते. बेला लुगोसीने त्यात ड्रॅक्युला अगदी गंभीरपणे रंगवला. विदूषक फक्त दोघेच होते, भुते आपल्या जागी भुतेच राहिली. विनोदी भयपटाचा हा पहिला नियम म्हणता येईल : हसू येते ते घाबरणाऱ्याचे. भूतच थट्टा करू लागले, की खेळ संपतो.

५/२२
पण युनिव्हर्सलकडे स्वतःचा स्टुडिओ होता, नामांकित नट होते आणि घराघरांत ठाऊक असलेली भुते होती. मिशिगन राज्यातल्या पोरांकडे यांतले काहीच नव्हते. सॅम रेमी आणि ब्रूस कॅम्बेल हे शाळेपासूनचे दोस्त. हातात सुपर-८ कॅमेरा, आणि डोक्यात ‘थ्री स्टूजेस’. एकमेकांच्या टाळक्यात हाणणारे, डोळ्यांत बोटे खुपसणारे हे त्रिकूट अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेले. पोरांनी त्यांच्या धर्तीवर ढीगभर लघुपट काढले. भयपट काढण्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

६/२२
१९७७ साली रेमीने ‘इट्स मर्डर!’ हा विनोदी चित्रपट केला आणि तो साफ पडला. त्यात दचकवणारा एक प्रसंग होता, तेवढा मात्र प्रेक्षकांना भिडला. रेमी आणि त्याचा सहकारी रॉब टॅपर्ट यांनी त्यावरून हिशेब मांडला : नवख्या माणसाचा पैसा वसूल होण्याची शक्यता भयपटातच जास्त. १९७८ साली सुमारे १,६०० डॉलरांत ‘विदिन द वुड्स’ हा अर्ध्या तासाचा नमुना तयार झाला. तो दाखवून त्यांनी डेट्रॉइट परिसरातले डॉक्टर, वकील, दंतवैद्य असे लोक गाठले आणि भांडवल जमवायला सुरुवात केली. म्हणजे मन विनोदाकडे ओढ घेत होते, भीती ही पोटापाण्याची सोय होती. पुढची सगळी गोष्ट या एका तडजोडीतून निघते.

७/२२
१९७९च्या नोव्हेंबरात टेनेसी राज्यातल्या मॉरिसटाउनजवळच्या एका ओसाड लाकडी घरात ‘द ईव्हिल डेड’चे चित्रीकरण सुरू झाले. एकूण खर्च पुढे पावणेचार लाख डॉलरांच्या घरात गेला. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम नगण्यच. कॅमेऱ्यासाठी रूळ आणि गाडी नव्हती. म्हणून कॅमेरा एका लांब फळीला मधोमध बसवायचा, दोघांनी दोन टोके धरायची आणि जंगलातून धावत सुटायचे. झाडाझुडपांतून सरपटत येणाऱ्या अदृश्य शक्तीची ती प्रसिद्ध नजर अशी जन्मली. भूत दाखवायला पैसे नव्हते, म्हणून कॅमेराच भूत झाला.

८/२२
काम इतके लांबले, की बहुतेक नट आपापला करार संपवून निघून गेले. उरलेली दृश्ये मित्र, नातलग आणि तंत्रज्ञ यांना पाठमोरे उभे करून पूर्ण झाली. या बदल्यांना मंडळींनी ‘फेक शेम्प’ असे नाव दिले. त्यालाही इतिहास आहे. ‘थ्री स्टूजेस’मधला शेम्प हॉवर्ड १९५५ साली वारला तेव्हा त्याचे चार लघुपट देणे बाकी होते. कंपनीने जुनी दृश्ये जोडून आणि जो पामा या नटाला पाठमोरा उभा करून ते उरकले. भयपटाच्या श्रेयनामावलीत विनोदी नटाचे नाव आले, ते असे.

९/२२
१५ ऑक्टोबर १९८१ रोजी डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात पहिला खेळ झाला. तेव्हा चित्रपटाचे नाव ‘बुक ऑफ द डेड’ होते. ज्येष्ठ वितरक अर्विन शपिरो यांच्या सांगण्यावरून ते बदलले. शपिरोंनीच १९८२ साली चित्रपट कान येथे नेला आणि तेथे तो स्टीफन किंग या भयकथाकाराने पाहिला. त्याने नियतकालिकात मनापासून स्तुती लिहिली. त्या एका स्तुतीने दारे उघडली, आणि १९८३ साली न्यू लाइन कंपनीने चित्रपट अमेरिकेत लावला.

१०/२२
ब्रिटनमध्ये मात्र वादळ उठले. घरोघरी व्हिडिओ यंत्रे आली होती, आणि कॅसेटवर कोणतीही तपासणी नव्हती. ‘व्हिडिओ नॅस्टी’ म्हणजे ओंगळ कॅसेटी, अशी आरोळी वृत्तपत्रांतून उठली. मेरी व्हाइटहाउस या नीतिरक्षक कार्यकर्तीने ‘द ईव्हिल डेड’ला विशेष लक्ष्य केले. दुकानांतून कॅसेटी जप्त झाल्या, खटले चालले. १९८४ साली संसदेने कॅसेटींना प्रमाणपत्र सक्तीचे करणारा कायदा केला. हा चित्रपट एकही कात्री न लागता तेथे मिळायला २००१ साल उजाडले. ज्या रक्तासाठी हा गहजब झाला, ते मक्याच्या पाकात रंग मिसळून केलेले होते.

११/२२
रेमी मंडळींना भुताटकीत अडकून पडायचे नव्हते. ज्या जोएल कोएनने ‘द ईव्हिल डेड’च्या संकलनात मदतनीस म्हणून काम केले होते, तो आणि त्याचा भाऊ ईथन यांच्याबरोबर लिहिलेला ‘क्राइमवेव्ह’ हा विनोदी चित्रपट त्यांनी १९८५ साली आणला. निर्मात्या कंपनीने ढवळाढवळ केली आणि चित्रपट आपटला. विनोदाने दुसऱ्यांदा दगा दिला. पुढचा चित्रपट पडता, तर या मंडळींची कारकीर्द तेथेच संपण्याची चिन्हे होती. तेव्हा ज्या घरातून ते बाहेर पडले होते, त्याच घरात परतणे भाग होते.

१२/२२
भांडवल मात्र मिळेना. त्या सुमारास स्टीफन किंग नॉर्थ कॅरोलायनात डिनो डी लॉरेंटिस या इटालियन निर्मात्यासाठी स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित करत होता. रेमीची अडचण त्याच्या कानावर गेली आणि त्याने डी लॉरेंटिसकडे शब्द टाकला. रेमीच्या डोक्यात नायकाला मध्ययुगात पाठवण्याची कल्पना होती. निर्मात्याला पहिल्यासारखाच चित्रपट हवा होता. सौदा सुमारे ३६ लाख डॉलरांवर ठरला. पहिल्याच्या जवळजवळ दहापट, पण हॉलिवूडच्या मानाने अजूनही गरिबीच.

१३/२२
आता प्रश्न उभा राहिला : तेच घर, तोच नायक, तेच पिशाच्च, मग प्रेक्षकाला नवे काय द्यायचे? रेमीने पटकथेसाठी स्कॉट स्पीगेल या बालमित्राला सोबत घेतले. त्याचा कल पहिल्यापासून विनोदाकडे. दोघांनी भयपटाच्या सांगाड्यात ‘थ्री स्टूजेस’चा धसमुसळेपणा भरला. दोनदा दगा दिलेल्या विनोदावर तिसरा डाव लावला, पण या वेळी त्याला भीतीचे वेष्टन होते. पडला तर भयपट म्हणून तरी खपेल!

१४/२२
चित्रपट सुरू होताच पहिल्या भागाची उजळणी येते, तीही विचित्र. पहिल्या भागात पाच मित्र त्या घरी जातात. येथे मात्र नायक ॲश आणि त्याची प्रेयसी एवढेच. यावर चाहत्यांत आजही वाद झडतात. कारण मात्र व्यवहारातले आहे. पहिल्या चित्रपटाचे हक्क निरनिराळ्या देशांतल्या वितरकांना विकले गेले होते, त्यामुळे स्वतःचीच जुनी दृश्ये वापरणे जमेना. म्हणून ती नव्याने आणि थोडक्यात चित्रित केली. आपण आधी सांगितलेली गोष्ट चुकवत सांगणाऱ्या कथेकऱ्यासारखी ही सुरुवात आहे. ठाऊक असलेला प्रेक्षक तेथेच गालात हसतो.

१५/२२
मग येतो हाताचा प्रसंग. ॲशचा उजवा हात पछाडला जातो आणि धन्यावरच उलटतो. त्याच्या डोक्यावर बशा फोडतो, केस धरून आपटतो. शेवटी ॲश यांत्रिक करवतीने तो हात मनगटापासून तोडतो, बादलीखाली कोंडतो आणि वर पुस्तके रचतो. सर्वांत वर असते हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’. ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रेही आणि बाहूही. या सगळ्यात महागडे असे काय आहे? एक नट, त्याचा स्वतःचा हात आणि काही बशा. कॅम्बेलने स्वतःच्या देहातून दोन पात्रे उभी केली. जे तंत्राने विकत घेता आले नसते, ते अंगमेहनतीने मिळाले.

१६/२२
चित्रपटाचा गाभा मात्र पुढच्या प्रसंगात आहे. दमलेला ॲश खोलीत बसतो. भिंतीवरचे हरणाचे मुंडके अचानक हसू लागते. मग दिवा, कपाट, पुस्तके असे सगळे सामानच खदखदू लागते. ॲशही हसू लागतो. हसता हसता ते हसणे किंकाळीत केव्हा बदलते, हे त्याला कळत नाही आणि पाहणाऱ्यालाही. प्रेक्षक हसतो आहे, आणि ज्याला हसतो आहे तो माणूस वेडाच्या काठावर उभा आहे. हसू आणि भीती शेजारी ठेवलेली नाहीत, ती एकाच घशातून निघतात. पहिल्या भागात जी भीती प्रामाणिक होती, तिचा हा अपमान नव्हे. त्याच भीतीचे हे दुसरे टोक आहे.

१७/२२
येथे कायद्याचीही एक चलाखी आहे. अमेरिकेतल्या मानांकन संस्थेकडून ‘एक्स’ शिक्का बसला, तर अनेक चित्रपटगृहे आणि वृत्तपत्रांच्या जाहिराती बंद होत. तो टाळण्यासाठी रक्त लालसोबत हिरवे, काळे असे नाना रंगांचे केले. तरीही भागणार नव्हते. डी लॉरेंटिसची कंपनी मानांकनाच्या नियमांनी बांधलेली होती, म्हणून ‘रोझबड’ नावाची वेगळी वितरण कंपनी पुढे करून १३ मार्च १९८७ रोजी चित्रपट विनामानांकन लावला. हिरवे रक्त धूळफेकीसाठी आले होते, पण त्यानेच चित्रपटाला दशावतारी रंग दिला. ब्रिटनमध्ये रक्तावरून खटले झाले होते, येथे रक्तच विनोद झाले.

१८/२२
अमेरिकेत तिकीटबारीवर ५९ लाख डॉलर आले. बरे, पण डोळे दिपवणारे नव्हेत. चित्रपटाचे खरे आयुष्य कॅसेटवर सुरू झाले. चित्रपटगृहात प्रेक्षक अंधारात एकटा घाबरतो. कॅसेट मात्र चारचौघांत पाहिली जाते, मागे नेली जाते, पुन्हा थांबवली जाते. कानातून गळणारा घाम कोणाला तरी दिसतो आणि तो दुसऱ्याला दाखवतो. अशा पाहण्यात भीती टिकणे अवघड, पण हसू दर वेळी वाढते. ज्या व्हिडिओ यंत्राने पहिल्या भागाला बदनाम केले, त्यानेच दुसऱ्याला घरचा केला.

१९/२२
यात आपलेपणाचाही खेळ होता. ‘द ईव्हिल डेड’मध्ये रेमीने वेस क्रेव्हनच्या ‘द हिल्स हॅव आइज’चे फाटके भित्तिपत्रक टांगले होते. क्रेव्हनने १९८४च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये एका पात्राला दूरदर्शन संचावर ‘द ईव्हिल डेड’ पाहताना दाखवून परतफेड केली. मग रेमीने ‘ईव्हिल डेड २’मध्ये क्रेव्हनच्या खलनायकाचा पात्यांचा हातमोजा टांगला. हे पाहून ज्याला हसू येते, तो केवळ गिऱ्हाईक राहत नाही. तो त्या मंडळींतला एक होतो. मोठ्या चित्रपटाची जाहिरात ‘पाहा, आम्ही काय केले’ म्हणते. हा गरीब दुसरा भाग प्रेक्षकाला ‘आठवते ना?’ असे विचारतो.

२०/२२
अर्थात प्रत्येक दुसऱ्या भागाला हे साधत नाही. डॅन ओबॅननचा ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९८५) पहिल्यापासूनच भय आणि विनोद यांचा झकास मेळ होता. १९८८च्या दुसऱ्या भागात त्याच दोन नटांना नव्या नावांनी तशाच प्रसंगांत पुन्हा आणले, पण उलटवण्यासारखे काही उरलेच नव्हते. पैसा वाढल्यानेही प्रश्न सुटत नाही. रेमीला तिसऱ्या भागासाठी, ‘आर्मी ऑफ डार्कनेस’साठी, सुमारे १ कोटी १० लाख डॉलर मिळाले. मध्ययुगाचे स्वप्न पुरे झाले, पण युनिव्हर्सलने मूळ निराशाजनक शेवट बदलायला लावला. हसू भरपूर, किंकाळी मात्र हरवली.

२१/२२
महाराष्ट्राचाही या इतिहासाला एक धागा जोडलेला आहे. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटातला पछाडलेला बाहुला विनोदाकडे सरळसरळ वळला तो १९९८ साली, चौथ्या भागात. त्याच चित्रपटावरून स्फुरलेल्या ‘झपाटलेला’त महेश कोठारे यांनी १९९३ सालीच तो पल्ला पहिल्या पावलात गाठला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू थट्टा म्हणून येत नाहीत, ते खरेच जिवावर उठलेले असतात. हसू येते ते लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्याचे. १९४८चा तोच नियम. २०१३ साली ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला, तेव्हा बेर्डे हयात नव्हते. बाहुला परतला, पण त्याला घाबरणारा तो माणूस नव्हता. ही उणीव कोणतेही तंत्र भरून काढू शकत नव्हते.

२२/२२
‘ईव्हिल डेड’ची गोष्ट पुढेही चालू राहिली : २०१३चा गंभीर नवा अवतार, २०१५ ते २०१८ची दूरचित्रवाणी मालिका, २०२३चा ‘ईव्हिल डेड राइज’. रेमी २००२ साली ‘स्पायडर-मॅन’पर्यंत पोहोचला. पण या चित्रपटांचे लोकांशी असलेले नाते पाहायचे असेल, तर २००३ साली टोरांटोत रंगमंचावर आलेल्या ‘ईव्हिल डेड’च्या संगीतिकेकडे पाहावे. तिच्या प्रयोगांत पुढच्या काही रांगांवर खोट्या रक्ताचे फवारे उडवले जातात. त्या जागा प्रेक्षक मुद्दाम मागून घेतात. काही जण तर डाग ठळक दिसावेत म्हणून पांढरा सदरा घालून येतात. फवारा केव्हा येणार हे त्यांना आधीच ठाऊक असते.